आधी काढा, मग चढा

मराठी माणसाची थंडीशी ओळख मुख्यतः वर्तमानपत्रातून होते. डिसेंबर उजाडला की पहिल्या पानावर 'पुणे गारठले' असा मथळा येतो, खाली शेकोटीभोवती बसलेल्या चौघांचं छायाचित्र येतं, आणि आदल्या रात्री पंखा दोनवर ठेवून झोपलेली माणसं ते वाचता वाचता कुडकुडायला लागतात. पाठोपाठ महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी. गाडीच्या टपावरून खरवडलेला चिमूटभर बर्फ तळहातावर घेऊन कुणीतरी हसत असावंच लागतं, त्याशिवाय त्या वर्षीची थंडी अधिकृत होत नाही. एवढ्या अनुभवाच्या जोरावर आपण नाताळच्या सुट्टीत केदारकंठ्याला निघतो.

केदारकंठा उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात. उंची साधारण १२,५०० फूट. डेहराडूनहून जीपने सुमारे २०० किलोमीटर हाडं खिळखिळी करून घेतली की सांकरी नावाचं गाव लागतं. ते ६,४०० फुटांच्या आसपास. ऐन हिवाळ्यात, गिर्यारोहणाचं शिक्षण न घेतलेल्या माणसाला बर्फातून चालत गाठता येतील अशी जी थोडी शिखरं आहेत, त्यांतलं हे सगळ्यांत लाडकं. त्यामुळे डिसेंबरात सांकरीच्या चहाच्या टपरीवर उभं राहिलं, की 'अरे, आतून घातलंयस ना नीट?' असं अस्सल मराठी कानावर पडतं.

माझा मेव्हणा सह्याद्रीत मुरलेला. त्याच्या मते गिर्यारोहणाची साधनसामग्री म्हणजे ॲक्शनचे बूट, कॉलेजच्या गॅदरिंगचा टी-शर्ट, डोक्याला पंचा आणि पिशवीत कांदा-बटाटा. पावसात भिजला तर तो चालत राहतो. टी-शर्ट अंगावरच वाळतो, पुन्हा भिजतो, पुन्हा वाळतो. या माणसाच्या मोबाइलवर ट्रेकवाल्यांची यादी येऊन पडली आणि घरात लगीनघाई सुरू झाली. थर्मलचे जोड, फ्लीस, डाउन जॅकेट, वॉटरप्रूफ पँट, हातमोज्यांचे दोन प्रकार, लोकरीचे मोजे, गेटर, मायक्रोस्पाइक, यूव्ही गॉगल. यादीच्या तळाशी 'सनस्क्रीन' पाहून सासूबाईंचा तोल गेला. "बर्फात जातोयस की गोव्याला?" (इथे यादी बरोबर होती. उंचीवर अतिनील किरण वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत खालून परत आपल्याच तोंडावर फेकतो. नाकपुड्यांच्या आतल्या बाजूने सोललेला माणूस पाहिला की मग विनोद सुचत नाही.)

खरेदीचं शास्त्र वेगळंच आहे. त्या भल्यामोठ्या निळ्या दुकानात डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी जावं. बाहेर तापमान २९, आत प्रत्येक आरशासमोर एक घामाघूम गृहस्थ फुगीर जॅकेट घालून उभा, आणि बाजूला त्याची बायको लेबल वाचतेय. जॅकेटच्या छातीवर ६०० किंवा ८०० असा आकडा असतो. तो तापमानाचाही नसतो आणि सवलतीचाही नसतो. एक औंस पिसं मोकळी सोडली तर किती घनइंच जागा व्यापतात, त्याचा तो आकडा. ऊब पिसांची नसतेच, पिसांनी अडवून धरलेल्या हवेची असते. म्हणजे आपण आठ हजार रुपये देऊन हवा घेतो, ही गोष्ट कोथरूडच्या माणसाला सांगू नये. तो विक्रेत्याशी घासाघीस सुरू करतो.

स्लीपिंग बॅगच्या चिठ्ठीवर तीन तापमानं असतात. पहिलं आरामाचं, दुसरं मर्यादेचं, तिसरं 'एक्स्ट्रीम'. आपला माणूस थेट तिसरं वाचतो, कारण ते सगळ्यांत कमी असतं आणि तेवढ्याच पैशांत मिळतं. "उणे अठरापर्यंत चालते!" चालते, पण कुणाला? युरोपीय मानकानुसार त्या तिसऱ्या आकड्याचा अर्थ असा, की त्या तापमानात सर्वसाधारण बाईमाणूस सहा तास गारठून मरणार नाही. झोप लागेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. बोटं शाबूत राहतील असंही नाही. ज्याला सकाळी उठून माणसांत यायचं आहे त्याने पहिला आकडा पाहावा, आणि त्यातूनही स्वतःला दोन-चार अंश उधार ठेवावेत.

कापडाच्या बाबतीत तर आपली संस्कृतीच आडवी येते. 'शंभर टक्के सुती' हे आपल्याकडे कापडाचं चारित्र्य-प्रमाणपत्र आहे. उन्हाळ्यात ते खरंही असतं. सुती कापड घाम पितं, धरून ठेवतं आणि वाऱ्याला सांगून आपल्याला गार करतं. हाच सद्गुण बर्फात जिवावर उठतो. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, तेव्हा भिजका बनियन घालून उणे पाचात उभं राहणं म्हणजे आपल्या पगारातून गढवालच्या डोंगराला ऊब पुरवणं. जीन्सवाल्यांची तर कथाच निराळी. संध्याकाळी त्या जीन्स काढून तंबूच्या दोरीवर टाकतात आणि सकाळी त्या उभ्याच्या उभ्या काढून आणतात. एकाने ती भिंतीला टेकवून ठेवली होती, चहावाला तिला "चाय, सर?" विचारून गेला.

आणि गंमत म्हणजे लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही, हे आपल्याकडे धनगरांना कुणी शिकवावं लागलं नाही. दख्खनी मेंढीची घोंगडी पावसात डोक्यावर घेऊन ते पिढ्यान् पिढ्या उभे आहेत. आपण ती टोचते म्हणून माळ्यावर टाकली, आणि आता न्यूझीलंडच्या मेंढीचे मोजे कौतुकाने घेतो. त्या दोन जोडांत घोंगडी आली असती. पण घोंगडीचा फोटो इन्स्टाग्रामवर चालत नाही. किंवा आता चालू लागला असेल. तसं असेल तर तिचीही किंमत वाढली असणार.

कानटोपीचा मात्र मान राखायला हवा. 'सगळी थंडी कानातून शिरते' हे आपल्या आज्या सांगत आल्या, आणि नेमकं त्याच धर्तीचं मत अमेरिकेच्या लष्कराने १९७० सालच्या पुस्तिकेत छापलं, की अंगातली ४० ते ४५ टक्के उष्णता डोक्यातून जाते. पुढे संशोधकांनी मोजून पाहिलं तर डोक्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्याच्या आकाराइतकाच निघाला. अमेरिकी लष्कराचं काय झालं ठाऊक नाही, आज्यांनी हे संशोधन फेटाळलं. सासूबाईंनी मेव्हण्याच्या पिशवीत कानटोपी टाकलीच. त्याने ती काढून ठेवली आणि दुकानातून तीच वस्तू काळ्या रंगात, चौपट पैसे देऊन आणली.

एवढं सगळं विकत घेतल्यावर माणसाला ते घालावंसं वाटतं, आणि खरा घोळ इथे सुरू होतो. सांकरीहून पहिल्या मुक्कामाला, जुडा का तालाबला निघायची वेळ सकाळी साडेआठ-नऊची. ऊन अजून देवदारांच्या पलीकडे, तोंडातून वाफा. पुणे, ठाणे, नाशिक, डोंबिवली इथले वीस जण अंगावर सगळं चढवून सज्ज. थर्मल, त्यावर टी-शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर फुगीर जॅकेट, त्यावर वाऱ्याचं जॅकेट. हात अंगाला टेकत नाहीत. बुटाची नाडी सुटली तर दुसऱ्याला बांधावी लागते. आणि समोर गाइड. गावातलाच विशीतला मुलगा, अंगात एक स्वेटर, पायात गमबूट. तो सगळ्यांकडे शांतपणे पाहतो आणि म्हणतो, "सर, जॅकेट उतार दीजिए. पसीना आएगा."

या वाक्याइतका मराठी मनाला धक्का देणारं दुसरं वाक्य नाही. जन्मल्यापासून आपल्याला फक्त घाल असं सांगण्यात आलंय. अंगात घाल, पायात घाल, डोक्याला घाल, गळ्याला गुंडाळ. काढ असं कुणीही, कधीही सांगितलेलं नाही. आणि इथे साडेसहा हजार फुटांवर, थंडी वाजत असताना, एक परका मुलगा काढायला सांगतोय. ठाण्याच्या एका काकांनी त्याला समजावलं, "नहीं नहीं, रहने दो. मेरे को सर्दी का कोठा है." गाइडने कोठा म्हणजे काय ते विचारलं नाही. त्याने असे शेकडो कोठे वर नेऊन खाली आणले असणार.

डोंगरातल्या थंडीचं गणित उलटं असतं, ते असं. चढताना शरीर भट्टी पेटवतं. सगळं घालून निघालात तर वीस मिनिटांत आतला थर घामाने भिजतो. मग दम खायला थांबता. भट्टी विझते, घाम उरतो, वारा येतो, आणि ज्या थंडीला घाबरून कपडे घातले ती थंडी आता कपड्यांच्या आतून यायला लागते. म्हणून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, थांबल्यावर थंडी वाजायच्या आत जॅकेट चढवलंच पाहिजे, आणि पुन्हा निघताना ते काढलंच पाहिजे. दिवसभर हेच. घालणं-काढणं हाच तिथला खरा व्यायाम, चढ त्याच्या मधल्या वेळेत करायचा.

वीस जणांच्या तुकडीत हे कसं होतं ते पाहण्यासारखं असतं. एकाला उकडतं तेव्हा तो थांबतो. पिशवी उतरवतो, वाऱ्याचं जॅकेट काढतो, फुगीर जॅकेट काढतो, पिशवीत जागा नसते, म्हणून आतला डबा बाहेर काढतो, डब्यात खाकरा असतो, खाकरा सगळ्यांना दिला जातो. तेवढ्यात बाकीच्या एकोणीस जणांना थंडी वाजते आणि ते घालायला लागतात. यांचं घालून होईतो तो पहिला तयार, निघायला अधीर. काकांनी मात्र शेवटपर्यंत काही काढलं नाही. दुपारी जुडा का तालाबला पोचल्यावर त्यांनी आतला थर पिळला.

एवढ्यात एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पुण्याशी येऊन थांबते. १९२२ साली एव्हरेस्टवर ब्रिटिशांची मोहीम गेली. मंडळी सभ्य घरातली, अंगात ट्वीड, लोकरीचे स्वेटर, गळ्यात मफलर. अशा मोहिमांचा फोटो पाहून बर्नार्ड शॉ म्हणे म्हणाला होता, की हे सहलीला निघालेले आणि हिमवादळात सापडलेले लोक दिसतात. त्यांच्यात जॉर्ज फिंच नावाचा एक गृहस्थ होता, ऑस्ट्रेलियात जन्मलेला, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. त्याने हवेत उडणाऱ्या फुग्याच्या कापडात बदकाची मऊ पिसं भरून एक गुडघ्यापर्यंतचा कोट शिवून घेतला होता. आजच्या प्रत्येक फुगीर जॅकेटचा तो पणजोबा. बाकीच्यांनी यथेच्छ टिंगल केली. एकतर तो साहेबी दिसत नव्हता, आणि वर त्याने ऑक्सिजनच्या नळकांड्यांवरही भरवसा ठेवला होता, जे खिलाडूपणाला सोडून समजलं जाई. पुढे वर वारा सुटला, ट्वीड गोठलं, आणि त्या कोटावर हसण्याचा कार्यक्रम आपोआप बंद पडला. उरला तो हेवा. फिंच आणि जेफ्री ब्रूस त्या वेळच्या कुठल्याही माणसापेक्षा वर, २७,३०० फुटांच्या आसपास पोचले. याचं बक्षीस म्हणून १९२४ च्या मोहिमेतून फिंचला वगळण्यात आलं.

हाच फिंच १९५२ साली पुण्यात आला आणि १९५७ पर्यंत पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. म्हणजे १९५३ मध्ये हिलरी आणि तेनसिंग पिसांची जॅकेटं घालून, ऑक्सिजन लावून एव्हरेस्टवर उभे राहिले, तेव्हा या दोन्हींसाठी शिव्या खाल्लेला माणूस मे महिन्याच्या पुण्यात बसलेला होता. त्या दिवशी त्याला काय वाटलं असेल, याचा मी पाषाण रस्त्याच्या सिग्नलला पुष्कळदा विचार केलाय. सिग्नल तेवढा मोठा आहे. टिंगल करून नंतर तीच वस्तू मागायला येणं ही रीत त्याला इथे नवीन वाटली नसेल, एवढं नक्की. मेव्हण्याच्या पंच्याने डोकं बांधण्याच्या सवयीवर जुडा का तालाबला सकाळी जे हसले, ते संध्याकाळी नाक झाकायला पंचा मागत होते.

रात्र मात्र विस्ताराने सांगण्याजोगी असते. सूर्य गेला की तापमान दगड सोडल्यासारखं खाली जातं. जेवण साडेसहाला, कारण नंतर डाळीवर साय धरते. मग स्लीपिंग बॅगेत शिरायचं. थंडीत बॅटरी झोपते, म्हणून मोबाइल बॅगेत घ्यायचा. पॉवर बँक घ्यायची. कॅमेऱ्याची बॅटरी घ्यायची. उद्याचे मोजे, हातमोजे गार पडू नयेत म्हणून आत. गरम पाण्याची बाटली पायाशी. ओले झालेले आतले कपडे अंगाच्या उबेने वाळतात म्हणून तेही आत. हे सगळं भरून झाल्यावर स्वतः आत जायचं असतं. माळ्यावरच्या दिवाळीच्या फराळाच्या डब्यात शेवटची चकली बसवतात, तसा माणूस शेवटी तिरका होऊन बसतो. बाहेर ठेवायची पाण्याची बाटली उलटी ठेवावी, कारण बर्फ वरून धरायला लागतो. उलटी असली की सकाळी तोंडाकडचं पाणी पातळ मिळतं. हे एक वाक्य मला आठ हजारांच्या जॅकेटाइतकं उपयोगी वाटतं, आणि ते फुकट आहे.

मग रात्री दोन वाजता लघवीला लागते. उंचीवर आणि थंडीत ती हटकून लागते, आणि गाइडने तर दिवसभर 'पानी पीजिए, पानी पीजिए' म्हणून चार लीटर पाजलेलं असतं. पहिला अर्धा तास माणूस स्वतःशी वाटाघाटी करतो. मग बॅगेची चेन. ती आतल्या कापडात अडकते. ती सुटेपर्यंत शेजारचा जागा होतो आणि "मलाही जायचंय" म्हणतो. तो गेला एक तास हेच ऐकायची वाट पाहत असतो. मग तंबूची आतली चेन, बाहेरची चेन, दगडासारखे झालेले बूट, आणि त्यानंतर अंगावरचे थर. वॉटरप्रूफ पँट, तिच्या आत फ्लीसची पँट, तिच्या आत ट्रॅक पँट, तिच्या नाडीची गाठ, हातात हातमोजे. डोंबिवलीच्या गर्दीच्या गाडीत तिकीट काढून दाखवणारे लोक या गाठीपुढे हतबल झालेले मी पाहिलेत. वर तारे असे काही पडलेले असतात की बघत राहावं, पण त्या घटकेला कुणीही वर बघत नाही.

हातमोज्यांबद्दल मात्र थट्टा पुरे. १९५० साली अन्नपूर्णा उतरताना मॉरिस हेरझॉगने पिशवी उघडायला हातमोजे काढले, ते उतारावरून घरंगळले, आणि पुढे त्याची हातापायांची बोटं गेली. हातांवर चढवता आले असते असे जादा मोजे त्याच्या पिशवीत होते. उंचीवर मेंदू गारठला की समोरचं सुचत नाही. म्हणून आतला पातळ आणि बाहेरचा जाड असे दोन हातमोजे घ्यावेत, आणि जाडे हातमोजे दोरीने मनगटाला बांधावेत, बालवाडीतल्या मुलांचे बांधतात तसे. केदारकंठ्याच्या माथ्यावर सूर्योदयाला पोचलेल्या तुकडीला हे सांगून मात्र उपयोग नसतो. समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, कालानाग असे उभे असतात आणि प्रत्येक जण दाताने हातमोजा ओढून फोनवर बोट घासत असतो. फोन उघडत नाही. फोनला वाटतं, हा कुणी परका माणूस आहे.

उतरून सांकरीत आल्यावर भाड्याने घेतलेले मायक्रोस्पाइक आणि गेटर परत देताना दुकानदार ते मोजून घेतो. हा शहाणा मार्ग. एकदाच जाणाऱ्याने जवळजवळ सगळंच भाड्याने घ्यावं. आपलं स्वतःचं असावं ते पायात चालून मुरवलेले बूट, मोजे आणि अंगाला लागणारा आतला थर. बाकीचं विकत घेणाऱ्याला पुढे ते सांभाळावं लागतं. पिसांची वस्तू दाबून ठेवली तर तिची फुग जाते, म्हणून पिशवीत कोंबायची नाही, मोकळी टांगायची. मेव्हण्याच्या वन बीएचकेत आता ते जॅकेट कपाटात टांगलेलं आहे आणि त्याचे ऑफिसचे शर्ट खुंटीवर. धुण्याची तर शपथच. एकदा कामवाल्या मावशींनी ते बादलीत भिजत घातलं. गच्चीवर चार दिवस वाळत होतं, आणि पिसांचे जे गोळे झाले ते सोडवायला सासूबाई टीव्हीसमोर तांदूळ निवडल्यासारख्या बसल्या होत्या.

जानेवारीत मावससासूबाई लेकीच्या बाळंतपणाला टोरोंटोला निघाल्या, तेव्हा ते जॅकेट त्यांना दिलं. "इतकं फुगीर? मला नाही शोभत," असं म्हणत त्यांनी ते साडीवर घालून पाहिलं, आणि मग नेलं. एप्रिलमध्ये परत आल्या. जॅकेट स्वच्छ घडी करून, घट्ट दाबून पिशवीत घातलेलं. मेव्हण्याच्या हातात देताना म्हणाल्या, "लोक उगाच घाबरवतात रे. तीन महिने राहिले, रोज घालत होते, पण मला काही एवढी थंडी वाजली नाही."